मोटार कोणाच्या हाती द्यावी?

मुलास शाळेत घालावयाचे झाले, तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मुलीचे लग्न ठरवावयाचे असले, तर चौकशी करता करता जोडे झिजवितो. घरात कोणी आजारी पडले, तर अमक्या वैद्याच्या हातास गुण आहे की नाही, हे शेजारीपाजारी विचारून पाहतो. परंतु ज्या यंत्रात आईवडील, पत्नी, मुले, नातवंडे असे अवघे कुटुंब एकाच वेळी बसवून आपण ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने रस्त्यावर सोडतो, ते यंत्र देखभालीसाठी कोणाच्या स्वाधीन करावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जवळचा, ओळखीचा आणि स्वस्त, एवढे तीन गुण जुळले की पत्रिका जुळली असे आपण समजतो!

आमच्या परभणी जिल्ह्यात एके काळी मोटार म्हणजे डॉक्टर, वकील आणि जिनिंगवाले शेठजी यांच्या दारची वस्तू असे. आज सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी अशा गावांतही शिक्षकांच्या, कारकुनांच्या, बागाईतदारांच्या अंगणात ती उभी दिसते. ही गोष्ट आनंदाचीच आहे. तथापि मोटार बाळगणारे जितके वाढले, तितके मोटार जाणणारे वाढले नाहीत, हेही खरे. आम्ही काही यंत्रशास्त्री नव्हे. आमचा जन्म वर्गात शब्दांची रूपे घोकून घेण्यात गेला. परंतु ग्रंथात काय लिहिले आहे आणि व्यवहारात काय चालते, हे ताडून पाहण्याची खोड संस्कृताच्या अभ्यासकास सहसा सुटत नाही. त्या खोडीतूनच या विषयासंबंधी जे चार विचार सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

गाडीबरोबर आलेली पोथी

नवी गाडी घरी येते तेव्हा तिच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक येते. बहुतेक घरी ते पुढच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली पडून राहते. आणि गाडी विकली जाते त्या दिवशी कोऱ्या करकरीत पानांनिशी नव्या धन्याकडे जाते. वस्तुतः ज्यांनी हे यंत्र घडविले, त्यांनीच ते कसे राखावे हे त्यात सांगून ठेविले आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात एक कोष्टक असते. एका बाजूस गाडीचे भाग, दुसऱ्या बाजूस किलोमीटर व महिने, आणि मधल्या चौकटींत कोठे 'तपासा' तर कोठे 'बदला' एवढीच आज्ञा. देखभालीचे वेळापत्रक म्हणतात ते हेच.

या कोष्टकातील एक लहानसे वाक्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे: 'किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी पुरे होईल ते.' आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या मारुती गाड्यांचेच उदाहरण घ्या. पहिली तपासणी १,००० किलोमीटर किंवा एक महिना, दुसरी ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, तिसरी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, आणि त्यापुढे दर १०,००० किलोमीटर किंवा दर वर्ष, असा साधारण क्रम असतो. आमच्या पेन्शनर मित्रमंडळीत मात्र असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो की, 'आमची गाडी वर्षाकाठी ३,००० किलोमीटरसुद्धा धावत नाही. मग तेल बदलण्याची घाई ती कशाला?' युक्तिवाद सोयीचा आहे, पण खरा नाही. वंगणाचे तेल केवळ धावण्याने खराब होते असे नाही. लहान लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. त्यामुळे ज्वलनातून निघणारे पाणी व न जळलेल्या इंधनाचा अंश तेलातच साचून राहतो. म्हणजे कमी धावणारी गाडी तेलाच्या दृष्टीने अधिक पथ्याची ठरते!

आपल्या प्राचीन वैद्यकास ही दृष्टी मुळीच नवी नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा व तिसरा ऋतुचर्येचा आहे; रोगांची निदाने आणि चिकित्सा यांची स्थाने कितीतरी पुढे येतात. आधी चर्या, मग चिकित्सा, हा तो क्रम. मोटारीच्या पुस्तकाचा क्रमही हाच आहे. आपण मात्र चर्या सोडून देतो, आणि गाडी रस्त्यात बंद पडली म्हणजे चिकित्सेसाठी धावाधाव करतो.

आमचा मुलूख आणि 'खडतर वापर'

पुस्तकात आणखी एक पान असते, ते तर गॅरेजवाल्यांपैकीही थोड्यांनीच वाचलेले असते. नेहमीच्या कोष्टकाखेरीज 'खडतर परिस्थितीतील वापर' या सदराखाली वेगळ्या सूचना दिलेल्या असतात. धुळीचे रस्ते, वरचेवर होणाऱ्या लहान फेऱ्या, कडक उन्हाळा, गर्दीत रेंगाळत चालणे, जड ओझे वाहणे यांपैकी काही लागू पडत असल्यास तपासणीची व बदलाची मुदत कमी करावी, कित्येक बाबतींत निम्म्यावर आणावी, असे तेथे सांगितलेले असते.

आता आमच्या जिल्ह्याकडे पाहा. कल्याणहून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी, मानवत, परभणी असा जातो. तो सोडून शेताकडे वळले की काळ्या मातीचे रस्ते लागतात. चैत्र-वैशाखात या मातीची धूळ पिठासारखी बारीक होते, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागे तर समोरचे दिसेनासे होते. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो, थंडीत तोच १० अंशांच्या खाली उतरतो. शहरातील फेऱ्या म्हणाल, तर घर ते शाळा, शाळा ते बाजार. कित्येक सद्गृहस्थ कृषी विद्यापीठाच्या आवारात पायी फिरावयास जाण्यासाठी दोन किलोमीटर मोटारीने जातात! तात्पर्य, पुस्तकातील खडतर वापराची लक्षणे आम्हांस एकेक करून लागू पडतात.

याचे परिणाम तीन ठिकाणी विशेष दिसतात. पहिले, हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर. तिच्यात धूळ कोंदली की इंजिनास श्वास पुरत नाही. आणि ती फाटकी असली तर तीच धूळ आत जाऊन कानशीसारखे काम करते. दुसरे, इंजिन थंड राखणारे द्रव्य. ते कमी झाले की पुष्कळ ठिकाणी नळाचे वा बोअरचे पाणी बेधडक ओततात. आमच्याकडील बोअरचे पाणी किती जड असते, हे घरच्या तपेल्याच्या बुडाशी साचणाऱ्या पांढऱ्या थरावरून गृहिणींस सांगावयास नको. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि ऐन मे महिन्यात इंजिन उकळते. म्हणून पुस्तकात सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात व शुद्ध केलेल्या पाण्यानिशी भरणे अगत्याचे. तिसरे, नव्या डिझेल गाड्या. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली, आणि त्यांनुसार घडलेल्या बहुतेक डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी धरून ठेवणारी गाळणी आली. ही काजळी जाळून टाकावयाची तर गाडी काही वेळ सलग वेगाने धावावी लागते. केवळ गल्लीबोळांतून फिरणाऱ्या गाडीत ती साचत जाते, आणि धोक्याचा दिवा लागतो.

म्हणून गॅरेजच्या परीक्षेचा पहिला प्रश्न आपण विचारावयाचा नसून त्याने आपणांस विचारावयाचा असतो: 'गाडी कोठे चालते? किती चालते?' ज्याने हे विचारले, तो अर्ध्या परीक्षेत उत्तीर्ण झाला असे खुशाल समजावे.

ही शिस्त आपलीच आहे

वेळापत्रकाने यंत्र राखणे ही पाश्चात्त्यांची कटकट आहे, असे कोणास वाटेल. परंतु आमच्या खेड्यांतील बैलगाडीचा धनी याच शिस्तीने वागत असे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते व चाकावरील लोखंडी धाव सैल होते, हे त्यास ठाऊक असे. म्हणून पावसाळ्यापूर्वी सुताराकडून आरे ठोकून घ्यावयाचे, लोहाराकडून धाव तापवून पुन्हा बसवून घ्यावयाची, आणि लांबच्या यात्रेस निघण्यापूर्वी आखास वंगण घालावयाचे, हा नेम कधी चुकत नसे. चाक मोडल्यावर सुताराकडे जाणारा गाडीवान गावात हसे करून घेई.

यंत्रयुगातही आमच्या भागास या शिस्तीचे धडे लौकर मिळाले. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ नोकर यांनिशी सडकवाहतुकीचे खाते उघडले. सरकारी मालकीच्या बस-वाहतुकीचा हिंदुस्थानातील तो आरंभकाळ होय. रेल्वेच्या माणसांस कोणते इंजिन कोणत्या दिवशी शेडमध्ये घ्यावयाचे, हे वहीत लिहून ठेवण्याची सवय मूळचीच. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे या महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. एस.टी.च्या फाटक्या बैठकांविषयी आपण कितीही तक्रारी करू. परंतु गाडी आगारात परतली की तिची तपासणी व्हावयाची, ठरलेल्या मुदतीस ती मार्गावरून काढून खड्ड्यावर घ्यावयाची आणि त्याची नोंद ठेवावयाची, ही पद्धत तेथे आहे. आपल्या खाजगी मोटारीस ना आगार, ना नोंदवही. मग ती शिस्त आणावयाची कोठून? अर्थातच योग्य गॅरेज निवडून.

पसरणी घाटातील अर्धा तास

ही निवड केवळ पैशाची नव्हे, हे एका प्रसंगावरून आमच्या मनावर ठसले. काही वर्षांपूर्वी आमचे मेहुणे, त्यांचा मुलगा व सून, आणि आम्ही उभयता असे महाबळेश्वरहून परतत होतो. पाचगणी सोडून वाईकडे पसरणी घाट उतरताना, गाडी हाकणारा आमचा भाचा एकाएकी गप्प झाला. नंतर हळूच म्हणाला, "मामा, ब्रेक मऊ लागतोय. खालपर्यंत जातोय." पाय दाबावा तो पट्टी नुसतीच खाली जाई! मुलगा धीराचा. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हातब्रेक थोडा थोडा ओढला आणि डोंगराच्या बाजूस चिकटवून ती थांबविली. अर्ध्या तासाने चाके निवाली, आणि ब्रेक पुन्हा पूर्ववत लागू लागले.

वाईस एका मिस्त्रीने ब्रेकच्या तेलाची डबी उघडून दाखविली. तेल चहाच्या चोथ्यासारखे काळपट झाले होते. भाच्याने कप्प्यातून महिनाभरापूर्वीची पावती काढली. तीवर 'संपूर्ण सर्व्हिसिंग' असे लिहून वीस-बावीस चौकटींत बरोबरच्या खुणा ओळीने केलेल्या होत्या. 'ब्रेक ऑइल' या चौकटीतही खूण होतीच. गाडीच्या पुस्तकात हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे असे स्पष्ट छापले होते. जुन्या पावत्या चाळल्या, तर गाडी घेतल्यापासून पाच वर्षांत ते एकदाही बदललेले नव्हते.

या मागचे शास्त्र सोपे आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. प्रमाणाप्रमाणे 'डॉट-३' जातीचे कोरे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. परंतु त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट-४' जातीत हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. लांब उतारावर ब्रेक वारंवार दाबले की चाकांपाशी उष्णता साठते, जुने ओले तेल उकळते व त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाचा जोर वाफेतच जिरतो. परभणीच्या सपाट रस्त्यांवर हा दोष पाच वर्षे दडून राहिला. घाट लागताच उघडा पडला. त्या गॅरेजचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण हा दोष एका गॅरेजचा नसून, काम न करता खूण करण्याच्या सवयीचा आहे.

पारख कशी करावी?

मग चांगले गॅरेज ओळखावे कसे? काचेची दालने, गार हवा आणि चहाचा पेला यांवरून नव्हे. तसेच कळकट भिंती व तेलकट जमीन पाहून नाक मुरडूनही नव्हे. आमच्या मते पुढील लक्षणे पाहावी.

पहिले लक्षण, लेखन. गाडी आत घेण्यापूर्वी किलोमीटरचा आकडा, मागील कामाची तारीख आणि आज करावयाची कामे ही कागदावर उतरली पाहिजेत. गॅरेजच्या भाषेत यास जॉब कार्ड म्हणतात. बॉनेट उघडण्याआधी जो पुस्तक उघडतो, तो कारागीर उत्तम. गाडीचे पुस्तक हरवले असेल, तर ते बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळते. पुस्तक नाही ही सबब आज चालणार नाही.

दुसरे लक्षण, तेलाचा विवेक. पुष्कळ ठिकाणी एकच पिंप उभे असते, आणि त्यातील २०डब्ल्यू-४० जातीचे दाट तेल येईल त्या गाडीत जाते. जुन्या इंजिनांस ते चालत असे. हल्लीच्या कित्येक पेट्रोल इंजिनांस ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे पातळ तेल सांगितलेले असते, आणि काजळीच्या गाळणीच्या डिझेल गाड्यांस तर राख कमी उत्पन्न करणारे खास तेल लागते. 'सगळी तेले सारखीच' असे म्हणणारा मिस्त्री आणि सर्व रोगांवर एकच पुडी देणारा वैदू, या दोघांत भेद नाही.

तिसरे लक्षण, सुट्या भागांची उघडी देवघेव. नवा भाग सीलबंद पुडक्यातून, छापील किंमत व क्रमांक दाखवून आपल्यासमोर काढावा, आणि काढलेला जुना भाग मागताच हाती द्यावा. 'जुने फेकून दिले' हे उत्तर एकदा क्षम्य, दुसऱ्यांदा संशयास्पद.

चौथे लक्षण, हत्यारे. चाकाच्या नट किती आवळाव्या याचे माप पुस्तकात दिलेले असते, आणि ते मोजणारा टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. लांब पाइप घालून वर पाय देऊन नट आवळणारा कारागीर बलवान खरा. परंतु त्याने आवळलेली स्टेपनी रात्री रस्त्यात बदलण्याची पाळी आली, म्हणजे ते बळ आपणांस महाग पडते. दोषाचे सांकेतिक क्रमांक वाचणारा स्कॅनरही आता चैनीची वस्तू उरलेला नाही.

पाचवे लक्षण, मिताचार. जसे न्यून वाईट, तसा अतिरेकही वाईट. इंजिन धुण्याचे द्रव्य, तेलात मिसळावयाची औषधे, इंधनाच्या मार्गाची सफाई, गाडीच्या पोटास लेप, अशी यादी वाढत जाऊन हिशेब दुप्पट होतो. यांतील प्रत्येक गोष्ट निरुपयोगीच असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'हे पुस्तकात कोणत्या पानावर लिहिले आहे, तेवढे दाखवता का?' असा प्रश्न सौम्यपणे विचारून पाहावा. खरा जाणकार पान दाखवील किंवा कारण समजावून देईल. नुसता विक्रेता असेल तर विषय बदलील.

सहावे लक्षण, जळक्या तेलाची व्यवस्था. इंजिनातून निघालेले तेल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा समजला जातो, व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. जो ते मागच्या नाल्यात ओततो, तो आपल्या दृष्टीआड गाडीशी कसा वागत असेल, याची कल्पना करावी.

सातवे लक्षण आम्ही सर्वांत मोठे मानतो, ते म्हणजे आपली मर्यादा सांगण्याचे धैर्य.

कंपनीचे केंद्र की आपला उस्ताद?

आमच्या मराठवाड्यात मोटारीच्या मिस्त्रीस आदराने 'उस्ताद' म्हणतात. आमच्या परिचयाचे असे एक उस्ताद आहेत. शिक्षण बेताचे, पण त्यांच्या टेबलावर प्रत्येक गाडीची स्वतंत्र वही. एकदा एका परिचिताच्या मोटारीत हवेच्या पिशवीचा, म्हणजे एअरबॅगचा, दिवा लागून राहिला. उस्तादांनी दिवा पाहिला, वही मिटली आणि म्हणाले, "गुरुजी, हे काम माझं नाही. यात हात घालून दिवा विझवून देता येईल, पण वेळेला पिशवी उघडली नाही तर? कंपनीच्या केंद्रात न्या." आम्ही विचारले, "उस्ताद, गिऱ्हाईक परत पाठवायला जड जात नाही?" ते हसून म्हणाले, "परत पाठवलेलं गिऱ्हाईकच परत येतं, गुरुजी."

या एका वाक्यात व्यापाराचे शास्त्र आहे. कंपनीचे अधिकृत केंद्र चांगले की स्वतंत्र गॅरेज, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. केंद्रात यंत्रसामग्री, शिक्षण आणि मूळ भाग यांची सोय असते; परंतु कारागीर वरचेवर बदलतात, आणि समोर बसलेल्या सल्लागारास जादा कामे विकण्याची घाई असू शकते. उस्तादाकडे गाडीची व माणसांची ओळख असते. परंतु नव्या तंत्राची साधने अपुरी पडू शकतात. आपल्या गाडीचे केंद्र परभणीत नसले, तर ७०-७५ किलोमीटर दूर नांदेडास जाण्यात अवघा दिवस मोडतो, हाही विचार असतोच. म्हणून आमचे मत असे: विनामूल्य तपासण्या व हमीची मुदत चालू असेतोवर केंद्रातच जावे, त्यापुढे तेल, गाळण्या, ब्रेक, चाके अशी नेहमीची कामे वर सांगितलेल्या लक्षणांच्या उस्तादाकडे द्यावी, आणि एअरबॅग, काजळीची गाळणी, गाडीतील संगणक, विजेवर चालणाऱ्या मोटारीची मोठी बॅटरी, अशी कामे पुन्हा केंद्राकडेच न्यावी.

स्वतंत्र कारागिराचा हक्क कायद्यानेही विचारात घेतला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय देऊन एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांस मिळू न देणे हा वर्चस्वाचा दुरुपयोग आहे, असे आयोगाने म्हटले. बाहेर काम केले एवढ्याच कारणाने सबंध हमी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारावी, असेही त्यात सांगितले होते. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत गेले. तत्त्व मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तथापि तत्त्वासाठी भांडण्यापेक्षा हमीची मुदत शांतपणे केंद्रात काढणे, हे गृहस्थास अधिक सोयीचे.

वही, पावती आणि घरची माणसे

इतके सारे गॅरेजवर सोपविले, म्हणजे आपले काम संपले असे नव्हे. शंभर पानांची एक वही घ्यावी. तीत तारीख, किलोमीटर, केलेले काम, तेलाची जात, भागाचा क्रमांक आणि रक्कम एवढ्या गोष्टी प्रत्येक वेळी लिहाव्या. पुढे केव्हा करावयाचे तेही लिहावे. कित्येक इंजिनांत दातेरी रबरी पट्टा असतो. तो ठरलेल्या मुदतीस बदलला नाही आणि धावताना तुटला, तर पुष्कळ इंजिनांत आतल्या झडपा दट्ट्यांवर आपटून सारे इंजिन निकामी होते. ही मुदत काही वर्षांनी एकदाच येते, म्हणूनच ती कोणाच्या स्मरणात राहत नाही. वहीचा उपयोग तेथे होतो. गाडी विकावयाची झाली, तर हीच वही तिचे चारित्र्याचे प्रमाणपत्र ठरते.

पावतीवाचून पैसे देऊ नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे केलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा गणली जाते. बिनपावतीच्या कामात थोडी रक्कम वाचते खरी, पण पुढे तक्रार करावयाची झाली तर आधार काय? अशा तक्रारी परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत नेता येतात. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हाही घरात लिहून ठेवावा. परंतु भांडणापूर्वी बोलणे बरे. चांगल्या कारागिरास त्याची चूक शांतपणे दाखविली, तर तो ती सुधारून देतो. आणि चांगल्या कामाबद्दल दोन शब्द बोलले, तर पुढच्या खेपेस तो अधिक लक्ष घालतो. त्याची मजुरी घासाघीस करून कमी करणारे, आणि मग 'हल्ली प्रामाणिक माणसे मिळत नाहीत' म्हणणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट. मोटारीची माहिती हा घरातील एकट्या पुरुषाचा मक्ता मानू नये. आज मुलीसुना नोकरीच्या निमित्ताने गाडी घेऊन परगावी जातात, क्वचित रात्रीही परततात. इंजिनातील तेलाची कांडी काढून पातळी कशी पाहावी, कूलंटच्या डबीवरील दोन रेघांचा अर्थ काय, चालकाच्या दाराजवळील चिठ्ठीवर लिहिलेली चाकांतील हवा थंड चाकांनिशी कशी मोजून घ्यावी, कोणता लाल दिवा लागल्यास गाडी जागच्या जागी उभी करावी, हे त्यांस दाखवून ठेवावे. अर्ध्या तासाचे हे शिक्षण आहे. आमच्या अनुभवास असे येते की, एकदा दाखविल्यावर या बाबतीत घरातील स्त्रियाच अधिक नियमित असतात.

शेवटी, उन्हाळी सुटीतील प्रवासासंबंधी एक सूचना. 'उद्या निघावयाचे आहे, आज संध्याकाळपर्यंत सर्व्हिसिंग करून द्या', असा तगादा कारागिरामागे लावू नये. घाईत झालेल्या कामात नट सैल राहते, झाकण अर्धवट बसते, आणि तो दोष शंभर किलोमीटरांवर उघडकीस येतो. प्रस्थानापूर्वी निदान पंधरा दिवस काम उरकावे, चार दिवस गावात गाडी चालवून पाहावी, मग निघावे. वैशाखाचे ऊन जवळ आले आहे. वाचकांनी आज दुपारी एवढेच करावे: गाडीचा कप्पा उघडून ते पुस्तक बाहेर काढावे, कोष्टकाचे पान शोधावे, आणि शेवटच्या पावतीशी ते ताडून पाहावे. दोन्ही जुळत असतील, तर आपल्या गॅरेजवाल्यास या दिवाळीस फराळाचे ताट अवश्य पाठवावे. जुळत नसतील, तर सुटी लागण्यापूर्वी दुसरा उस्ताद शोधावा.